पुसलेली यादी

प्रिय ताई,

अक्षर ओळखलंस ना? पाकिटावर मुद्दाम माझं नाव घातलं नाही. भाऊजींच्या हाती पडलं असतं तर न फोडताच परत आलं असतं. आणि तूही उघडशील की नाही, कुणास ठाऊक. तीन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही, फोन केला नाही. तू मला अजून आपला धरतेस का, या एका धास्तीपायी चार कागद फाडले. हा पाचवा.

मी धडधाकट आहे. एका मोठ्या गोदामात कामाला आहे. आधी खोकी उचलायचो, आता कॉम्प्युटरवर बसतो. हसू नकोस! आठवीतून पळालेला तुझा भाऊ खोक्यांवर चिकटवायच्या पत्त्यांच्या पट्ट्या छापतो. इथे चित्रंबित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. तो ऐकणाऱ्याला शेल म्हणतात. भारी अडेल प्राणी. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की 'कमांड नॉट फाउंड', म्हणजे असलं काही मला सापडलं नाही, जा. पहिल्या आठवड्यात दिवसातून पन्नासदा हेच. मला भाऊजी आठवायचे. दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करताना तेही असेच, नीट विचारलं नाही तर मान वर करत नसत.

खोली एका वेल्डरबरोबर वाटून घेतलीय. त्याची पाळी रात्रीची, माझी दिवसाची, म्हणून खाट एकच. मी येतो तेव्हा तो नुकताच गेलेला असतो, गादी अजून कोमट असते. सात महिन्यांत चारदा भेटलो असू. तो भाजी झाकून ठेवतो, मी त्याची चादर वाळत घालतो. असा आमचा संसार! सुट्टीला मी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि साबण कुठे ठेवलाय ते विचारतो. कुठे असतो ते मला माहीत आहे. तेवढंच कुणीतरी बोलतं.

गेल्या सोमवारी पट्ट्या छापायचा नवा प्रोग्राम आला. नाव टाइप केलं, तर पुन्हा तेच, सापडलं नाही. आमच्या सुपरवायझर बाईंनी शिकवलंय, आधी स्पेलिंग बघ, मग ती वस्तू मशीनवर आहे का बघ, मग शेल तिथे शोधतो का ते बघ. स्पेलिंग बरोबर. फोल्डरमध्ये पाहिलं, तर महाशय तिथेच बसलेले. काखेत कळसा नि गावाला वळसा! शेल सगळं घर धुंडाळत नाही, ताई. त्याच्याकडे जागांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. तेवढ्याच ठिकाणी तो डोकावतो. नवी जागा त्या यादीत घालायची होती. मी येईपर्यंत हात लावू नको, असं बाई सांगून गेल्या होत्या. पण माझी घाई तुला ठाऊकच आहे. आधीचं सगळं राहू दे आणि शिवाय हे, असं लिहायचं असतं. मी फक्त नवं लिहिलं, म्हणजे जुनी यादी पुसली, तीही शेल दर वेळी उघडताना वाचतो त्या कायमच्या फाइलमध्ये.

मग पडद्यावरची शेलची खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तर साधी फायली दाखवायची कमांडसुद्धा सापडेना. एकेक करून सगळ्या गेल्या. खरं तर सगळ्या जागच्या जागी होत्या, शेललाच ठिकाण ठाऊक नव्हतं. बाहेर लॉऱ्या खोळंबल्या. दार चार पावलांवर होतं, पिशवी खांद्याला लावलीसुद्धा. मग खाली ठेवली आणि बाईंना जाऊन सांगितलं, हे मी केलंय. त्या म्हणाल्या, शेवटचं काय टाइप केलंस ते खरं सांग, म्हणजे पाच मिनिटांचं काम. लपवलंस तर दिवस जाईल. सांगितलं. त्यांनी कमांडचा पूर्ण पत्ता हाताने टाइप करून फाइल उघडली, जुनी यादी परत लिहिली. वर म्हणतात कशा, तोंड असं काय केलंयस, कुणी मेलंय का?

पाच मिनिटं, ताई. आणि मी तीन वर्षं घालवली. त्या गिऱ्हाइकाचं शिलाई मशीन दुकानात मीच उघडलं होतं. भाऊजींनी बजावलं होतं तरी. आतला दांडा मोडला, तसंच झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ओरडत आलं. आदल्या रात्री दुकान तू बंद केलं होतंस म्हणून भाऊजींनी तुला विचारलं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, माझ्याच हातून पडलं. चारचौघांत ते तुला नको नको ते बोलले. मी दारात उभा होतो. तोंड उघडलं नाही. संध्याकाळी निघालो. भाऊजींशी पटलं नाही म्हणून गेला, असं सगळ्यांना वाटलं असेल. पटत होतं. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

आता मला कायम करताहेत. फॉर्म भरून झालाय, एक रकाना सोडून. काही बरंवाईट झालं तर घरच्या कुणाला कळवायचं? बाई म्हणाल्या, अरे लिही की एक नाव, त्यात एवढं काय. वेल्डरने चिठ्ठी ठेवली, माझं घाल. माणूस लाखाचा, पण घरचा नव्हे. तुझं नाव न विचारता घालायचा हक्क मी घालवलाय, म्हणून विचारतो, घालू का? आधी हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. मशीन कुणी मोडलं ते त्यांना कळू दे, मग मला काय शिव्या घालायच्या त्या घालू देत. नको असेल तर एका ओळीत नको म्हण, खोलीचा पत्ता कागदामागे लिहिलाय, मी राग धरणार नाही. फॉर्म महिनाअखेर द्यायचाय. तोवर तो रकाना मी कोराच ठेवतो.

तू म्हणशील तर तुझाच,
धाकटा