चार मिनिटांचा तक्ता

प्रिय ताई,

तुझा निरोप वाचला. भूलतज्ज्ञाला आता मरण नाही, तीन रुग्णालयांतून बोलावणं आलंय आणि त्यातलं एक आमचंच, म्हणून तू हवेत आहेस. मला मात्र राग आलाय आणि तो गिळून लिहिणं जमणार नाही. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, तुझ्या पुस्तकांतलं मला कळत नाही. पण ऑपरेशन थिएटरात चार वर्षं स्ट्रेचर ढकलतोय, तेही डोळे उघडे ठेवून.

मागणी आहे, खरंय. का आहे ते ऐक. आमच्याकडे टेबलं दोन आणि भूल देणाऱ्या मॅडम एकच. इकडच्या पेशंटला झोपवायचं की तिकडे धावायचं. सर्जनसाहेब दारातून ओरडणार, एवढा वेळ लागतो तर अंगाईच म्हणा ना. सगळे हसणार, मॅडमनाही हसावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझं अक्षर सुवाच्य म्हणून मॅडमनी मला मशीनपुढे स्टुलावर बसवलं. दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन तक्त्यात लिही, काही बिघडलं तर हाक मार. माझ्या तक्त्यात एकही खाडाखोड सापडायची नाही. त्याचा मला अभिमान होता, मूर्खासारखा.

मंगळवारी टेबलावर एक शिक्षिका होत्या. ऑक्सिजन घसरला, मी हाक मारली. मॅडम दुसऱ्या पेशंटच्या घशात नळी घालत होत्या, हात सोडता येईना. त्या येईपर्यंत चार मिनिटं गेली. मी तीही लिहिली. शिक्षिका वाचल्या, पण अजून नवऱ्याला ओळखत नाहीत. मॅडमनी राजीनामा दिला. संध्याकाळी रुग्णालयाच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावून माझ्यापुढे मूळ तक्ता आणि एक कोरा तक्ता सरकवला. बाळा, अक्षर तुझंच हवं, तेवढी चार मिनिटं नीट लिहून काढ, आणि तुझी बहीण भूलतज्ज्ञच ना, तिचंही बघू. मी उद्या सांगतो म्हणालो आणि दोन्ही तक्ते घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी तुला त्यांचा फोन आला.

ताई, ती नोकरी तुझ्या हुशारीला मिळालेली नाही, माझ्या अक्षराला मिळालीय. हे तुला लिहावं लागतंय याचाच सगळ्यात जास्त संताप आहे. मूळ तक्ता काल मी शिक्षिकेच्या नवऱ्याच्या हातात दिला. तुला न विचारता दिला, हवं तितकं रागाव. पण सोमवारी रुजू व्हायला येऊ नकोस. आज रखवालदाराने मलाही फाटकातूनच परत पाठवलं.

तुझाच,
धाकटा