डाव्या कोपऱ्यावरचा प्रश्न

सर,

आपल्या जिल्ह्याचा कबड्डीचा संघ हंगामातले पहिले तीनही सामने जिंकला. तुम्ही असता तर म्हणाला असता, पहिल्या तिनावर नाचणारे चौथ्यात तोंडावर पडतात. खरं आहे, पण दुसरबीडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात सध्या हे कोण ऐकून घेणार! हॉटेल म्हणजे काय, पत्र्याचं शेड, दोन बाकं आणि भज्यांची कढई. सकाळी आठच्या सुमाराला आम्ही तिथं जमतो. एसटीतून रिटायर झालेला एक ड्रायव्हर, समोरचा सलूनवाला, हॉटेल चालवणारी वहिनी आणि मी. मी लाईनमन होतो, तेही आता संपलं. चौघांत मिळून एकच काम उरलंय, संघाची उणीदुणी काढणं. उंटावरून शेळ्या हाकणारे आमच्याएवढे हुशार लोक जिल्ह्यात दुसरे सापडायचे नाहीत. हे पत्र तुमच्या नावानं लिहितोय, पण ते मला त्या बाकावर बसून या तिघांना वाचून दाखवायचं आहे. चाळीस वर्षांत जे कोणाला सांगितलं नाही ते सांगायचं आहे. नुसत्या तोंडानं ते निघेना, म्हणून आधी कागदावर उतरवतो.

वाद कशावरून आहे ते ऐका. ड्रायव्हरला हे तीन विजय मान्यच नाहीत. "जिंकले म्हणजे का झालं? समोरच्याचा दम तुटला, आपल्यायनं का केलं त्यात?" सलूनवाला चिडतो. "दम काऊन तुटते मंग? आपला बचाव पाहून फाटते त्यायची." ड्रायव्हर म्हणतो, "बचाव! तिघं उरले होते बे मैदानात. डावा कोपरा रिकामा. बचाव कोनाचा, तुह्या बापाचा?" मग वहिनी झारा कढईवर आपटते. "भांडू नका बापा, गिऱ्हाईक पळून राह्यलं." वहिनीला खेळ कळत नाही, म्हणून सलूनवाला तिला रोज नव्यानं समजावतो. चढाई करणाऱ्यानं एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, मधे दुसरा शब्द तोंडातून निघाला की तो बाद. "मंग तो गडी बोलला काऊन?" वहिनी विचारते. इथं ड्रायव्हर बिडी चाचपतो आणि सलूनवाला दुकान उघडायला निघतो. कारण तिन्ही सामन्यांत नेमकं तेच झालं. आपला डावा कोपरेवाला बाद होऊन बाहेर बसलेला, आत तिघं उरलेले, समोरचा नंबर एकचा गडी त्या मोकळ्या कोपऱ्याकडे गेला, थबकला, कोणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवली आणि काहीतरी बोलला. पंचांची शिट्टी वाजली आणि गडी बाद. तीन सामने, तीन वेगळे जिल्हे, तीन वेगळे गडी.

डावा कोपरा ही तुमची जागा होती, हे या तिघांना माहीतही नाही. ते तुम्हाला ओळखतात ते एका वाक्यामुळे, तेही नकळत. त्यावर येतोच. तुम्ही खेळायचं सोडून आम्हाला शिकवायला लागलात तरी सामन्याआधी त्या कोपऱ्यावर जाऊन डाव्या टाचेनं मातीत अर्धगोल ओढायचात. मागे न पाहता पायाला कळावं, की इथून पुढे रेघ आहे आणि रेघेपलीकडे मरण. आम्हाला त्याचं हसू यायचं. आणि दुसरा तुमचा कायदा. समोरच्याचं बोट लागलं, नखही लागलं, तर पंचाची वाट पाहायची नाही, स्वतः हात वर करायचा आणि बाहेर चालायला लागायचं. सराव चालू असताना तुम्ही पाठीमागून यायचात, कानाजवळ वाकायचात आणि हळूच विचारायचात, "लागलं का बे?" ओरडून कधीच नाही. खोटं बोलणाऱ्याचा घसा तुमच्यासमोर कोरडा पडायचा. माझा पडायचा, दुसऱ्यांचं मला ठाऊक नाही.

मलकापूरचा सामना. जिनिंगच्या आवारातलं मैदान, मातीवर कापसाचे तंतू उडतायत, भर दुपार. आपण एका गुणानं पुढे, त्यांची शेवटची चढाई. त्यांचा गडी परत फिरता फिरता त्याची दोन बोटं माझ्या उजव्या दंडाला लागली. लागली सर. घामावरून सरकली, अजून आठवतं. तो मध्यरेषेपलीकडे गेला, पंचांना दिसलं नव्हतं, आपली पोरं उड्या मारायला लागली होती. मी हात वर केला नाही. आणि तुम्ही बाकावरून उठून आत आलात. आपल्याच संघाचे शिक्षक, जिंकलेला सामना, आणि सरळ पंचांपुढे जाऊन म्हणालात, "आमच्या पोराले लागलं. गुण त्यायचा." पंचांनी मला विचारलं. मी तुमच्याकडे न पाहता म्हणालो, "नाही लागलं. सरले आता दुरून दिसत नाही."

एवढंच वाक्य. लोकांनी ते झेललं. मला खांद्यावर घेतलं आणि तुमचे डोळे गेले. महिनाभरात गावोगाव झालं, मास्तरांचे डोळे गेले बरं का. पुढच्या हंगामात तुम्हाला संघापासून दूर केलं, तेही मोठ्या मायेनं, शाल देऊन. शाळेतली कार्टी तुमच्यापुढे बोटं नाचवून "सर, किती?" विचारायची. आजही बाकावर कोणी चुकीचं काही पाहिलं, की ड्रायव्हर म्हणतो, "तुहे का मास्तरासारखे डोळे गेले का बे?" ते मास्तर म्हणजे तुम्ही, हे सांगणारा मीच एकटा उरलोय आणि मीच हसतो सगळ्यांबरोबर.

मग तुमचं स्वयंपाकघर. बाईंनी, तुमच्या मंडळींनी, मला हाक मारून आत बोलावलं, चुलीसमोर पाटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "बुलढाण्याले जाऊन डोळे तपासून आनले यायचे. डॉक्टर म्हने, नजर जवान पोरासारखी हाय." त्या ते आनंदानं सांगत होत्या. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊन तिथवर गेला होतात सर, माझ्या शब्दाखातर! तुम्ही दारातून आलात, खाली बसलात, आणि सरावात विचारायचात तसंच हळू विचारलंत, "लागलं होतं का बे?" माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिलो. संपत आला तसा दुसरा भरला. तुम्ही वाट पाहिली, उठलात, खुंटीवरून तुमची घोट्याची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "ने. माह्या का कामाची आता." त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही गेलात, छातीत कळ येऊन, शाळेच्या व्हरांड्यात. मी खांदा दिला. लोक म्हणाले, पोराचा मास्तरवर लय जीव होता. होताच.

आता या हंगामाचं. पहिला सामना मेहकरला झाला, तिथं मी लांब बसलो होतो. दुसरा चिखलीला. सामना सुरू व्हायच्या आधी मॅट पुसणारा माणूस बडबडत होता, "बूट पुसून चढाव ना राजेहो! घडीघडी तेच पुसू का मी?" मी पाहिलं. निळ्या मॅटवर डाव्या कोपऱ्यात काळ्या मातीचा अर्धगोल. त्यानं ओल्या फडक्यानं पुसला. खेळाडू अजून बाहेरच कोंडाळं करून उभे होते. तो बादली घेऊन वळला, चार पावलं गेला असेल, आणि अर्धगोल पुन्हा होता, ओला, ताजा. आता मैदानाला माती नसते सर, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो. शेजारी सलूनवाला शेंगा सोलत होता. त्यानं विचारलं, "का झालं काका?" मी म्हणालो, "ऊन लागलं."

तिसरा सामना लोणारला, रविवारी, दुपारी तीनला. जायचं नाही असं ठरवून पहिल्या गाडीनं गेलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. डाव्या कोपऱ्यालगत, दोरीला पोट टेकवून उभा राहिलो. आपले तिघं उरले. त्यांचा उंच, लांब हातांचा गडी कबड्डी कबड्डी करत सरळ आमच्या बाजूला आला. कोपऱ्यावर कोणी नव्हतं, शपथेवर सांगतो. मॅट तेवढी एका जागी दबली होती, माणसाच्या टाचेखाली दबावी तशी. आणि माझ्यापासून दोन हातांवर, त्या पोराच्या कानाच्या उंचीवर, तुमचा आवाज आला. "लागलं का बे?" हजारभर लोक बोंबलत होते, तरी तो हळू आवाज मला स्वच्छ ऐकू आला. पोरगा थबकला. बाजूला पाहून म्हणाला, "हाव." शिट्टी झाली. त्यानं हात वर केला आणि खाली मान घालून बाहेर निघून गेला. आपली माणसं नाचायला लागली.

सामना संपल्यावर तो पाण्याच्या ड्रमापाशी एकटा बसला होता. त्याचा प्रशिक्षक त्याला नाही नाही ते बोलून गेला होता. मला पाहून त्यानं विचारलं, "काकाजी, तुमी तिथंच होते ना? कोपऱ्यावर कोन इचारत होतं?" मी विचारलं, "तू हाव काऊन म्हनला?" तो म्हणाला, "खोटं सांगता येईना. शाळेत असताना एका सामन्यात मले लागलं होतं, म्या सांगतलं नव्हतं. त्याईनं तेच इचारलं असं वाटलं." मग डोळे पुसून म्हणाला, "हरलो, पन लय हलकं वाटून राह्यलं." एवढंसं पोरगं सर, आणि एका दमात मोकळं झालं. मला त्याचा हेवा वाटला, राग आला म्हणालो तरी चालेल. मी त्याला सांगितलं की तिथं कोणीच नव्हतं.

तरी परतीच्या एसटीत मी सांगून टाकलं. सामन्याला आलेले ड्रायव्हर आणि सलूनवाला पुन्हा तेच भांडत होते, दम तुटला की बचाव चांगला. मी म्हणालो, "कोपऱ्यावर मास्तर होते. डोळे गेलेले मास्तर. म्या त्यायचा आवाज ऐकला. मेले तरी हरेक गड्याले एकच इचारतेत, लागलं का बे." मग ड्रायव्हर माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, मास्तरचे डोळे गेले, तुमचे कान गेले." सलूनवाला खिडकीकडे तोंड करून हसला. मला वेडा म्हणवून घ्यायला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, तुमच्याएवढं झाल्यासारखं. पण सोमवारी सकाळी ड्रायव्हरनं गाडीतलं सगळं वहिनीला रंगवून सांगितलं, आणि तिनं चहा पुढे ठेवता ठेवता विचारलं, "भाऊजी, मेलेला मानूस सगळ्यायले तेच काऊन इचारते? कोनाचं उत्तर राह्यलं त्याचं?" तिला कबड्डी कळत नाही म्हणतात. तिघंही माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "का माहीत बापा." आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. उद्या वाचून दाखवणार आहे. मलकापूरला चौथा सामना आहे, त्याच्या आधी हे झालं पाहिजे.

खालचं मंगळवारी दुपारी लिहितोय. कागद शर्टाच्या खिशात घालून गेलो होतो. चहा झाला, भजी झाली, मलकापूरला कोण खेळेल यावर ड्रायव्हरचं आणि सलूनवाल्याचं वाजलं. वहिनीला खिशातून वर आलेला कागद दिसला. "कायचा कागद हाय भाऊजी?" मी म्हणालो, "दवाखान्याचा." तिनं जास्त विचारलं नाही, उलट माझ्या चहात आलं जास्त टाकलं. मी उठलो आणि पाण्याच्या पाटाच्या कडेनं घराकडे निघालो. लख्ख ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या खांबापाशी मागून टाचेचा आवाज आला. मग कानाजवळ तुम्ही विचारलंत, नेहमीसारखं हळू. मी वळलो नाही. छाती भरून हवा घेतली आणि कबड्डी कबड्डी म्हणत चालायला लागलो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भर दिवसा, हातात पिशवी. तुम्ही तीनदा विचारलंत. मी मधे एकही शब्द येऊ दिला नाही. हॉटेलपासून घर लांब आहे सर, पण दम पुरला.