हिरव्या पेनाची पहिली सही

आप्पा,

तुमचा हिरवा पेन आज परत धुतला. निब आणि तिच्याखालची जीभ वेगळी काढून, कोमट पाण्यात, तुम्ही धुवायचात तसाच. माझ्याकडं आता सव्वीस शाईपेन आहेत. इथं सांगलीत नवरा हसतो, म्हणतो, दुकान टाक. त्याला काय कळणार! ड्रॉपरनं शाई भरताना बोट निळं होतं, मग गुळगुळीत कागदावर निब सरसर पळायला लागते, आणि दिवसभराचा शीण जातो. हे वेड तुमच्याकडनंच आलं. आणि संताप याचा येतो की सव्वीसांत सगळ्यात सुरेख तुमचाच लिहितो.

मी शाळेत असतानाचं अजून डोळ्यांपुढं आहे: रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपाशी कोमट पाण्याची पितळी घेऊन बसता. फौजेत कारकुनी करताना गावोगावी घेतलेले सात पेन ओळीनं मांडलेले. मी हात लांबवते, तुम्ही मनगटावर चापट मारता. "हात लावू नगंस. निब एकाच हाताची आसती, दुसऱ्यानं लिवलं की बिघडती." दादाला कधी अडवलं नाहीत. त्याला ते नकोच होते, तो आपला बॉलपेन चावत बसायचा. मला हवे होते, म्हणून चापट मला. बारावीच्या परीक्षेला एक मागितला, रडले, तरी दिला नाहीत.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी माहेरी आले होते. तुम्ही म्हणालात, "फलटणला जायाचंय, एक सही हाय तुझी." आणि खिशातला हिरवा पेन माझ्या हातात ठेवलात. "घे. आजपासनं तुझा." आई चुलीपुढनं म्हणाली, "आवं, तिला सांगा तरी." तुम्ही खेकसलात, "तू गप." मला वाटलं, पेन कसा जपायचा ते सांगा म्हणतेय. येडी मी! एसटीत वाटभर तिकिटाच्या पाठीवर स्वतःचं नाव गिरवत होते.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "ताई, राजीखुशीनं ना?" मी मान हलवली. लक्ष कुठं, तर निबेकडं. बी.ए. झालेली बाई, आणि कागदावरची एक ओळ वाचली नाही. तुम्ही घरनं आणलेला टीपकागद माझ्या सहीवर दाबलात आणि म्हणालात, "लय झ्याक सही हाय गं तुझी." जन्मात तुम्ही माझं केलेलं तेवढंच कौतुक.

चार वर्षांनी तुम्ही गेलात. तेरावा झाल्यावर मी उसाच्या रानातल्या माझ्या वाट्याचं विचारलं, तर दादानं कपाटातनं तो कागद काढला. हक्कसोडपत्र. माझा वाटा मी आपखुशीनं भावाला सोडला, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली माझी निळी, लफ्फेदार सही. "तूच केलीस की," तो म्हणाला. बायका म्हणतात, आप्पांनी सरळ मागितलं असतं तर तू दिलंच असतंस. मी नसतं दिलं, आप्पा. भांडले असते, गाव गोळा केलं असतं. ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून पोरीच्या मनातली सगळ्यात जुनी हाव हेरलीत आणि तेच आमिष लावलंत. लाज कशी नाही वाटली? आणि मी भांडायला यावं, तर तुम्ही फोटोत जाऊन बसलात, हार घालून.

हे सगळं त्याच पेनानं लिहितेय. दोनदा विकायला नेला, दोनदा परत आणला. पत्र पाठवायचं तरी कुठं, घडी घालून पेनांच्या डब्यात तळाशी ठेवीन. एक गोष्ट मात्र अजून कुणाला सांगितलेली नाही. सही झाली तेव्हा निब हाताला अशी काही बसली होती, की मीच त्या साहेबांना विचारलं होतं, "अजून कुठं करायची आहे का?"