आवाजाचं मानधन

आई, सानगडीच्या विहारात तू संध्याकाळी मुलांना शिकवायचीस, त्याबद्दल मध्यंतरी एकाला सांगावं लागलं, म्हणून तुला लिहिते आहे. दिवसभराची कामं उरकून तू हातपाय धुवायचीस, पांढरी साडी नेसायचीस आणि विहाराच्या फरशीवर बसून आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायचीस. तेव्हा तुला कोणी एक रुपया देत नव्हतं. फक्त पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागली की तू अंधार पडेपर्यंत बांधीत आणि शिकवणी बंद, कारण मजुरी मिळायचे तेच दिवस. तेवढ्या दिवसांत लहान मुलं वाचणं विसरायची आणि तू न चिडता पुन्हा बाराखडीपासून सुरू करायचीस. मग वस्तीनं वर्गणी काढून तुला मानधन द्यायचं ठरवलं. तू नको म्हणशील असंच सगळ्यांना वाटलं होतं. तू घेतलंस. बोअरवर शेजारच्या काकूनं विचारलंच, "काहून वो, आता पैशासाठी शिकवून राहिली?" मी लाजेनं खाली पाहू लागले. तू हापशी मारता मारता म्हणालीस, "मी मजुरीले गेलो का पोरायचं शिकणं बंद पडते. आता रोवण्यातही शिकवीन. यात लाज कायची?" त्या पावसाळ्यात शिकवणी सुरू राहिली, आणि काकूची मुलगीही येत राहिली.

मी आता भंडाऱ्यात नोकरी करते. उरलेल्या वेळात आम्ही तिघं मिळून एक आवाज सांभाळतो. ज्यांना दिसत नाही त्यांना तो मोबाइलवरचा मजकूर मराठीत वाचून दाखवतो. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, कोणीही फुकट वापरावा, चुकलेलं दुरुस्त करावं. करडीचे एक निवृत्त गुरुजी त्यावर रोज पेपर ऐकतात. एकदा त्यांनी फोन करून सांगितलं, "बाई, आता तो जोडाक्षरं गिळत नाही." त्या वाक्याच्या जोरावर मी कितीतरी रविवार काम केलं. पण वापरणारे वाढले तसे तगादेही वाढले. "अजून दुरुस्त का नाही केलं?" असं लोक दरडावून विचारू लागले. यंदा मी हे सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात आमचा आवाज आपल्या फोनमध्ये घालणाऱ्या एका कंपनीनं तिघांनाही दरमहा मानधन देऊ केलं.

आमच्यातला सगळ्यात जुना सोबती बिथरला. "पैसे घेतले का ते नोकरी झाली. मंग मन लागत नाही," तो म्हणाला. तेव्हा मी त्याला तुझी आणि बोअरवरची गोष्ट सांगितली. मग तो म्हणाला, "तू घे. मले नको. पण मी काही सोडून नाही जाऊन राहिलो." मी घेतलं. कार्यालयातलं काम अर्ध्या दिवसावर आणलं, आणि साचलेल्या चुका एकेक करून निघू लागल्या. तरी पहिल्यांदा पैसे आले तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. तू किती सहज मान वर ठेवून घेतले होतेस, ते आता कळतं.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तू जाऊन कितीतरी वर्षं झाली. लिहून झाल्यावर आमच्याच आवाजाकडून वाचून घेतलं. तुझ्या बोलण्यापाशी तो अडखळला, 'पोरायचं' त्यानं भलतीकडेच तोडलं. दुरुस्त करायला बसले, आणि तू तो शब्द कसा म्हणायचीस ते आठवू लागले. खरं सांगते आई, तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही.