कुंपणाआडची तीन लेकरं

मी, एलस्पेथ क्विगली, वय एक्क्याऐंशी, राहणार वॅटल ओढा, गिप्सलँड, व्यवसाय मेंढ्या आणि कुरकुर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्या माघारीची व्यवस्था सांगते. मला अक्षर येत नाही. वकील हॉवेल लिहीत आहेत आणि प्रत्येक कलम परत वाचून दाखवत आहेत. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

एक. घर, मेंढ्या आणि कलम चारमधला तुकडा सोडून सगळी जमीन मुलगा डेसमंड यास. पाइनची झाडं लावणाऱ्या कंपनीला ती विकायचं त्याने ठरवलंच आहे. मी आड येत नाही.

दोन. बँकेतली शिल्लक नात रोझमेरी हिला. तिने ती फार शहाणपणाने खर्च करू नये.

तीन. माझ्या नवऱ्याच्या लोकर कातरायच्या कात्र्या दीर आर्थर यास. जन्मभर मागत होता. आता हात थरथरतात तर घे म्हणावं.

चार. ओढ्यालगत निलगिरीखाली लाकडी कुंपणातला तुकडा आहे. माझ्या जन्माआधी घटसर्पाने गेलेली माझी भावंडं, आयव्ही आणि वॉल्टर, तिथे पुरलेली आहेत. त्यांच्या शेजारी बांधापलीकडच्या ट्रेगिअरांची तमसिन. तिघांचीही शुश्रूषा आमच्या आईनेच केली. साथ कोणी आणली यावरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, ते आजतागायत. तमसिन ही हेझल ट्रेगिअरची आत्या. हेझल आणि मी बांधावर भांडण्यापुरत्याच बोलतो.

गवत पेटवण्याआधी त्या कुंपणाभोवतीची जमीन खरवडून उघडी करायची असते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. गेल्या एप्रिलात डेसमंड विसरला. निम्मे खुंट जळाले. उरलेले वाचले ते हेझल ओलं गोणपाट घेऊन बांध ओलांडून आली आणि जाळावर आपटत राहिली म्हणून. मी काठी टेकत पोहोचले तेव्हा तिच्या भुवया जळाल्या होत्या. मी आभार मानायच्या आत म्हणाली, "तुझी मेंढी माझ्या शेतात शिरलीय, ती ने आधी."

जुन्या ठिकाणांच्या समितीला तिथे फलक लावायचा आहे. त्यांच्या मसुद्यात आमचीच दोन नावं आहेत. तमसिनचं नाव नसेल तर फलक नको. आणि वारसा म्हणून नोंद झाली तरी जागा राखणारं माणूस लागतंच, असं ते म्हणतात.

म्हणून तो तुकडा आणि तिथवरची पायवाट हेझल ट्रेगिअर हिला. वकिलांनी विचारलं, हिलाच का? लिहा: चाळीस वर्षं मी या बाईकडून वीतभर जमीन मिळवायला धडपडले. मिळाली नाही. कंपनीलाही मिळणार नाही.

जिला मिळतं तिला साक्षीची सही करता येत नाही, म्हणून हेझल बाहेर ओसरीवर बसली होती. तिला आत बोलावून कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खुंट लाल निलगिरीचे ठोकीन. तुझ्या बापाने घातलेलं लाकूड अगदीच फालतू होतं."

तेही लिहा. मला मान्य आहे.

डाव्या अंगठ्याची निशाणी: एलस्पेथ क्विगली
साक्षीदार: बेरिल स्टोक्स, पोस्टमास्तरीण, लेनर्ड हॅडो, पाद्री
वॅटल ओढा, २३ ऑगस्ट १९७४