आतड्यात शिरलेलं आतडं

३ मार्च
पोट पुन्हा फुगलंय. सकाळपासून तीन उलट्या. आई म्हणते, "गॅस धरलाय, गरम पाणी पी." तिच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच — गॅस!

४ मार्च
गॅस नव्हे. स्कॅन झाला. सर्जननी स्वतःच्या कोटाची बाही आत ढकलून दाखवली — "आतड्यात आतडं असं शिरलंय. आत गाठ आहे, तीच ओढून घेऊन गेली."
वीस वर्षं कपडे शिवतेय, राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, बाही जरा नीट दुमडा, अस्तर दिसतंय." ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मोठ्या माणसांत असं झालं की गाठ बऱ्याचदा वाईट निघते. ऑपरेशन आजच."
आईला सांगितलं — साधी चरबीची गाठ आहे.
"बघ! म्हटलं होतं ना, मशीनवर बसून बसून अंग सुटलंय!"

६ मार्च
वीतभर आतडं गेलं. गाठ तपासणीला. टाके पाहिले — एकसारखे, नेटके. कामाला ठेवलं असतं मी त्यांना.
आतडं पुन्हा चालू झालं का ते कळायला आता सगळं जग एकाच गोष्टीच्या वाटेकडे डोळे लावून बसलंय. सिस्टर — "वारा सरला का?" सर्जन — "वारा सरला का?" नवरा दारातूनच भुवया उडवतो. माझ्या लग्नातसुद्धा कुणी माझी एवढी चौकशी केली नव्हती.

७ मार्च
नाही.

८ मार्च
सरला! चांगला दणदणीत! जिने जन्मात तो शब्द तोंडातून काढला नाही, ती माझी आई फोनवर मावशीला ओरडून सांगत होती — "पादली गं, पादली!" शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी हसले आणि टाके बोंबलले.
दुपारी आईने वेणी घालून दिली. रिपोर्ट अजून नाही. तिच्या हातात डोकं देऊन खोटं बोलणं फार अवघड.

१२ मार्च
साधी! चरबीचीच! थाप मारली ती खरी निघाली. इतकी दुर्मिळ, की सर्जननी तिचे फोटो काढून ठेवलेत. माझा असा एक फोटो कुणी हौसेने काढला नाही.
आईला सगळं खरं सांगून टाकलं. रागावली नाही. उशीचा अभ्रा बदलत राहिली.

१३ मार्च
सकाळी आई म्हणाली, "तुझं मार्गी लागलं ना? मग आता माझं दाखवून येऊ. छातीत गाठ आहे. दिवाणावर पडलं की हाताला लागते. तुझं पोट दुखायला लागलं, त्याच्याही आधीपासून."