हनुवटीखालची तीन पुस्तकं

९ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

खळ शिजून झाली होती. गुठळ्या होऊ नयेत म्हणून खाली उतरवल्यावरही मी ती ढवळत होते. मग कापडाच्या पट्ट्या कापल्या, कात्रण झाडून पोत्यात भरलं आणि बांधून दाबयंत्रात ठेवलेले दंतवैद्यांच्या मासिकाचे जाड खंड एकेक करून बाहेर काढले. कडा पुसल्या. ह्यांनी चहा पिऊन कप खिडकीत ठेवला. तिथे ठेवू नका म्हटलं, तर तो तिथेच राहू दिला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे पोचवायला खंड हातांवर रचून निघाले. सव्वादहा झाले होते.

वकील म्हणाले, त्या सकाळचं सगळं क्रमाने लिहून आणा, जबाबाला क्रम लागतो. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं. पुढचं मी पाहिलेलं नाही. ते त्या इमारतीच्या वॉचमनने लिहून दिलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधली एक पायरी तुटलेली होती. मालकाने दुरुस्तीऐवजी तिच्यावर नुसती फळी टाकली होती. ती सरकली आणि तुमचे दादा पाठीवर खाली आले. दवाखान्यातले दोन दिवस तुम्ही माझ्याबरोबरच होतात, ते लिहीत नाही. ते गेले आणि आठवड्याच्या आत ती पायरी नवी झाली. फळी मात्र वॉचमनने जपून ठेवली आहे. भला माणूस.

मालकाचा वकील विचारणार की ओझं किती होतं, पायाखालचं दिसत होतं का. आमचे वकील म्हणतात, सहा खंड सांगा. सहा म्हणजे छातीपर्यंत, डोळ्यांपुढे काही येत नाही. मोजले कोणीच नव्हते.

बाकी ठीक. बांधायला आलेलं सगळं मी वाचते हे तुम्हाला ठाऊक आहे. अक्कलदाढेबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा.

कळावे. आठवण काढता तशी काढत जा.
तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

अक्कलदाढ तुझ्याकडेच ठेव, आमच्या घरात ती कोणाला आलेली नाही. दादाला तर नाहीच. कप तिथे ठेवू नका म्हटलंस आणि त्याने तिथेच ठेवला, हे मी पोस्टाच्या रांगेत वाचलं आणि मोठ्याने हसले. पुढच्या बाई पर्स सावरून बाजूला सरकल्या. पण हे सगळं कोर्टाला कशाला सांगायचं? खोडून टाक.

सहा तर सहा. वकील शिकलेला माणूस आहे, त्याचं ऐक. भरपाई मिळाली तर दुकान राहील, नाहीतर दाबयंत्र विकून भाडं भरावं लागेल. हे तू लिहीत नाहीस, पण मला कळतं. माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर येत नाहीस. मग दुकान तरी टिकव.

आणि मला दुसरंही काही हवंय. तो मालक दवाखान्यात आला होता तेव्हा नर्सला म्हणाला की माणसाने पायाखाली बघून चालावं. मी त्याच्या मागेच उभी होते. वर्ष होत आलं, ते वाक्य अजून माझ्या घशात अडकलंय. त्याला एकदा चारचौघांत उभं राहून ऐकावं लागलं पाहिजे. ओरडायला मी येते, तू नुसती बस.

बाकी भेटीअंती. जेवत जा, आणि माझा लोभ गृहीत धर.
तुझी नणंद


२४ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. जबाबाचा कागद अजून वकिलांना दिलेला नाही. त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. तुम्ही त्यांची सख्खी बहीण. कोर्टाच्या आधी ती तुम्हाला कळायला हवी.

हे सहाच घेऊन निघाले होते. उरलेले तीन दुपारी नेतो म्हणाले. त्यांचा गुडघा दुखत होता, आदल्या दिवशी मीच तेल चोळून दिलं होतं. तेवढे जिने दोनदा चढायला नकोत म्हणून मी म्हटलं, एकाच खेपेत नेऊन टाका. आणि ते तीन मी वर ठेवले. आम्ही सुतळीने बांधत नाही, ताज्या कापडाच्या कडांवर वळ उठतात. सगळे बाइंडर वरचं पुस्तक हनुवटीने दाबून नेतात, तसं त्यांनी दाबलं. दारातून वळून भुवया उडवल्या, बस. जाताना काय म्हणाले असं लोक मला विचारतात. काही म्हणाले नाहीत.

तेव्हा नऊ. सहा नव्हेत.

मला रडू येत नाही. जेवते, झोपते, केस विंचरते. लोकांना वाटतं मी सावरले. शिवून शिवून बोटं बधिर झाली की सुई टोचल्याचं कळतं, दुखत मात्र नाही. तसं आहे.

तुमच्या भावाच्या हनुवटीखाली ती पुस्तकं मी ठेवली. तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा, मी वाचेन.

कळावे. लोभ मागत नाही आज.
वहिनी


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे लिहिलं नाही. नणंद रुसली असं तुला वाटलं असेल. रुसले नव्हते, चिडले होते. तुझं पत्र फ्रिजवर ठेवलं होतं, येता-जाता दिसायचं. आमचे हे म्हणाले, वहिनी त्याचा गुडघा वाचवायला गेली, एवढंच ना. मी म्हटलं, तुम्ही आम्हा दोघींच्या मध्ये पडू नका. तेवढ्यात भाजी करपली.

दादाला एकदा बारा पुस्तकं नेताना मी पाहिलंय. नाकापर्यंत. हे तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, पाहिलं ते सांगते.

मला अजून सहाच बरे वाटतात. तू नऊ म्हटलंस की तो मालक म्हणणार, बघा, मी म्हणतच होतो. ते माझ्याच्याने ऐकवणार नाही. म्हणून मी सुनावणीला येत नाही. पण तू नऊ सांगितलेस तरी मी तुला पत्र लिहायचं थांबवणार नाही. मला एवढंच जमतंय, जास्त मागू नकोस.

तुझी नणंद (आहेच)


४ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

नऊ सांगितले. वरचे तीन मी ठेवले, हेही सांगितलं. आमच्या वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मालकाचा वकील म्हणाला, म्हणजे पायरी दिसत नव्हती. मी म्हटलं, नव्हती. मग चढत कसे होते, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पायाने. बाइंडर जिना बघून चढत नाही. पुढच्या पायरीवर आधी चवडा टेकवतो, मग वजन टाकतो. तीस वर्षं हे असेच चढले. त्या दिवशीही चवडा टेकला असणार, कारण फळी तिथे होतीच. वजन टाकल्यावर ती सरकली. बघून चालले असते तरी त्यांना फळीच दिसली असती, तिच्याखालची मोडकी पायरी दिसली नसती.

एवढं मी कधी एकदम बोलले नव्हते. मग त्याने विचारलं, तीन जास्त नकोत असं ते म्हणाले नाहीत का. मी म्हटलं, हनुवटीखाली पुस्तक आल्यावर माणसाला बोलता येत नाही. मागे कोणीतरी हसलं. हसू येण्यासारखंच होतं.

वॉचमनने फळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. न्यायाधीशांनी ती टेबलावर ठेवून एका बोटाने ढकलली. मालक तेव्हा उभे होते. तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते.

कळावे. पत्र आलं तर बरं वाटेल.
वहिनी


२४ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

निकाल मंगळवारी लागला. दोष मालकाचा ठरला. मात्र ओझ्यापायी समोरचं दिसत नव्हतं म्हणून भरपाईतला चौथा हिस्सा कापला. आमचे वकील बाहेर आल्यावर म्हणाले, एका शब्दाने पाव भाग घालवलात, बाई. उरलेल्यात दुकान राहील.

निकाल ऐकून काहीतरी वाटेल अशी माझी कल्पना होती. काही वाटलं नाही. घरी आले, जेवले. भांडी घासताना लक्षात आलं की वर्षभर सगळाच दोष मी माझ्या नावावर धरून चालले होते. कोर्टाने तो चौथा हिस्सा तुमच्या दादांच्या नावावर घातलाय. तो माझा आहे. पण चौथाच आहे. कोणी तिऱ्हाइताने मोजून सांगितलं ते बरं झालं. तुम्हाला रागवायचं असेल तर तेवढ्यापुरतं रागवा.

कळावे. उरलेला लोभ असू द्यावा.
तुमची,
वहिनी

ता. क. दुसऱ्या दिवशी मी त्या इमारतीत गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, आणि उतरून घरी आले.